गाडीची पिढी ओळखायची कशी? सांगाडा, पत्रा आणि नाव

(सेलू, जि. वर्धा येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजच्या विषयाची सुरुवात आपण एका शब्दापासून करू. तो शब्द म्हणजे ‘मॉडेल’. आपल्या भागात कुणी जुनी गाडी घेऊन आलं की पहिला प्रश्न असतो, ‘मॉडेल कोणतं?’ आणि उत्तर येतं, ‘चौदाचं’ किंवा ‘अठराचं’. म्हणजे आपल्याकडे मॉडेल म्हणजे वर्ष. कंपनीच्या शोरूममध्ये मॉडेल म्हणजे नाव: स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी. आणि कारखान्यातल्या इंजिनिअरला विचाराल, तर तो नावही सांगणार नाही आणि वर्षही. त्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे खालचा प्लॅटफॉर्म.

एकाच वस्तूकडे पाहणारी ही तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टी बोलतात. ग्राहक फसतो तो इथंच. कुणी खोटं बोललेलं असतं असं नाही. प्रत्येक जण खरंच बोलतो, फक्त तो वेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असतो. म्हणून आज मला एवढंच सांगायचं आहे की, गाडीचा सांगाडा, तिचा पत्रा आणि तिचं नाव या तीन गोष्टी एकाच वेळी बदलत नाहीत. त्या वेगवेगळ्या पाहायला शिकलो, की ‘नवी पिढी’, ‘फेसलिफ्ट’, ‘ऑल न्यू’ या शब्दांचा अर्थ आपला आपल्याला लागतो.

शब्द आले कुठून

आपल्याकडे बैलगाडीची नावं कामावरून पडली. माल न्यायचा तर बंडी, माणसं न्यायची तर दमणी. नाव ऐकलं की वस्तू डोळ्यासमोर यायची. मोटारीचे शब्दही सुरुवातीला असेच होते. ‘कूपे’ हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘कापलेली’. चारचाकी बग्गीचा अर्धा भाग कापून दोघांपुरती केली, ती कूपे. ‘डॅशबोर्ड’ म्हणजे घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी. आपण गाडीच्या मागच्या भागाला ‘डिकी’ म्हणतो, ती मुळात जुन्या गाड्यांच्या पाठीमागे उघडणारी जास्तीची बैठक, डिकी सीट. बैठक गेली, तिथं सामान आलं, शब्द राहिला.

आणि ‘स्टेपनी’? वेल्समध्ये लानेल्ली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या एका कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाक विकायला काढलं. त्या रस्त्याचं नाव आज सेलूच्या पंक्चरच्या दुकानात रोज घेतलं जातं. (हशा) ‘टेम्पो’ आणि ‘जीप’ यांचंही तसंच. ती एकेकाळी ठरावीक गाड्यांची नावं होती, लोकांनी ती अख्ख्या जातीला लावली.

म्हणजे शब्द लोकांनी बदलले, वापरातून. आज जे चाललंय ते वेगळं आहे. आज कंपनी आधी शब्द ठरवते आणि मग लोकांनी तो वापरावा अशी व्यवस्था करते. टाटाची कर्व्ह २०२४ मध्ये आली, ती ‘एसयूव्ही कूपे’ म्हणून. दारं चार, बसायला पाच. ‘कापलेली’ म्हणजे काय, तर फक्त छप्पर मागे उतरतं झालं. अर्थातला एक धागा ठेवला, बाकीचा सोडून दिला.

सांगाडा, पत्रा, नाव

आता या तीन गोष्टी एकेक करून पाहू.

पहिली, सांगाडा. हा दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे शिडीसारखी चौकट. बंडीला कशी खाली लाकडी चौकट असते आणि वर बांबूचा तट्टा लावतो, तसं. खाली लोखंडी शिडी, तिच्यावर इंजिन, चाकं, आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली. सुमो, बोलेरो, जुनी सफारी, स्कॉर्पिओ या सगळ्या अशा. दुसरा प्रकार मोनोकॉक. हा पत्र्याच्या डब्यासारखा. डब्याला वेगळी चौकट नसते. त्याच्या भिंती हीच त्याची ताकद. बहुतेक सगळ्या लहान गाड्या आणि अलीकडच्या बऱ्याच ‘एसयूव्ही’ अशा असतात.

दुसरी गोष्ट, पत्रा. दरवाजा, छत, बॉनेट, मडगार्ड. हे साधारण पाऊण मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून प्रेसखाली घडवतात. प्रेसमध्ये साचे असतात, कारखान्यात त्यांना ‘डाय’ म्हणतात. एका दरवाजासाठी एक डाय पुरत नाही. एकीने आकार द्यायचा, दुसरीने कडा कापायच्या, तिसरीने भोकं पाडायची, पुढचीने कडा दुमडायची. असा डायचा एक संचच लागतो आणि तो अतिशय महाग असतो. त्याचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो.

बंपर मात्र प्लास्टिकचा. ग्रिल प्लास्टिकची. हेडलाइट, टेललाइट प्लास्टिकचे. त्यांचे साचे तुलनेनं स्वस्त पडतात. शिवाय दरवाजा किंवा पुढच्या काचेच्या बाजूचा खांब बदलला, तर अपघातात गाडी कशी वागेल तेच बदलतं. चाचण्या नव्याने कराव्या लागतात. ग्रिल बदलली तर तसं होत नाही.

मग कंपनीने तीन-चार वर्षांनी गाडी ‘नवी’ करायची ठरवली, तर ती काय बदलेल? जे स्वस्तात बदलतं ते. बंपर, ग्रिल, दिवे, चाकांची डिझाइन, आतला पडदा, सीटचं कापड. यालाच फेसलिफ्ट म्हणतात. चेहरा उचलला, अंग तेच.

तिसरी गोष्ट, नाव. हे सगळ्यात स्वस्त. मागच्या दारावरची अक्षरं बदलली की झालं. पण बाजारात सगळ्यात जास्त किंमत त्याचीच, कारण लोकांचा विश्वास नावावर असतो.

दरवर्षी नवं, ही कल्पना कुणाची?

हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत चालली. दिसायला फारशी न बदलता. फोर्डचं म्हणणं, चांगली आणि स्वस्त गाडी द्या, लोक घेतील. लोकांनी घेतलीही. पण एकदा घरोघरी गाडी झाल्यावर पुढची विकायची कुणाला? जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी यावर उत्तर काढलं: जुनी गाडी बिघडायची वाट पाहू नका, ती जुनी दिसू द्या. १९२७ मध्ये त्यांनी हार्ले अर्ल या माणसाला आणलं आणि गाडीच्या रूपासाठी स्वतंत्र विभाग काढला. तेव्हापासून रूप बदलणं हे विक्रीचं साधन झालं. जी गाडी चालायला उत्तम आहे, ती विकून टाकावीशी वाटणं, हा त्या विभागाचा खरा माल.

आपल्याकडे बरोब्बर उलटं घडलं. परवाने मोजके, गाड्या कमी, ग्राहक रांगेत. त्यामुळे रूप बदलायची गरजच नव्हती. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट घ्या. १९६० च्या दशकात ती ‘डिलाइट’ होती, सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’. अंग जवळपास तेच, नावं तीन. तीच पुढे मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. लोकांनी मात्र शेवटपर्यंत तिला ‘फियाट’च म्हटलं. लोक कधीकधी कंपनीचं ऐकत नाहीत, हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्रातल्या चार गाड्या

आता आपल्या ओळखीच्या गाड्यांकडे येऊ. या पुणे, चाकण आणि नाशिकच्या कारखान्यांतून आपल्यापर्यंत आल्या.

सुमो १९९४ ची. नाव जपानी पैलवानावरून वाटतं, पण ते टेल्कोच्या सुमंत मुळगावकर यांच्या नावाची अक्षरं आहेत: ‘सु’ आणि ‘मो’. स्पॅसिओ, व्हिक्टा, गोल्ड अशी नावं जोडत जोडत तीच पेटी २०१९ पर्यंत चालली. मधे २००८ मध्ये ‘सुमो ग्रान्दे’ आली. ती पूर्णपणे वेगळ्या अंगाची, पण नावात सुमो. तीच गाडी २०१४ मध्ये ‘मोव्हस’ म्हणून पुन्हा आणली. नवी होती ती आधी संपली, जुनी राहिली.

दुसरी सफारी. हे उदाहरण तर वर्गात शिकवावं असं आहे. सफारी आली १९९८ मध्ये. २०१२ मध्ये ‘सफारी स्टॉर्म’ आली. लांबून पाहिलं तर जुनीच. मागच्या दारावरची स्टेपनी खाली गेली एवढाच डोळ्यात भरणारा फरक. पण खालची चौकट नवी, टाटाच्याच आरिया गाडीच्या धर्तीची. म्हणजे सांगाडा बदलला, पत्रा जवळपास तोच, नाव तेच. मग २०२१ मध्ये ‘नवी सफारी’ आली. आता शिडीची चौकट नाही, मोनोकॉक. जुनी मागच्या चाकांनी ढकलली जायची, फोर बाय फोरही मिळायची. नवी पुढच्या चाकांनी ओढली जाते. ही प्रत्यक्षात हॅरिअरचीच तीन रांगांची बहीण. आणि गंमत म्हणजे २०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये ती ‘ग्रॅव्हिटास’ या नावाने दाखवली होती! बाजारात येताना तिला सफारी हे नाव मिळालं.

म्हणजे बघा, २०१२ मध्ये आतून बरंच बदललं आणि कुणाला दिसलं नाही. २०२१ मध्ये जुन्या गाडीतलं नावाशिवाय फारसं काही उरलं नाही आणि लोक म्हणाले, ‘सफारी परत आली.’

तिसरी स्कॉर्पिओ. २००२ मध्ये नाशिकहून आली. २०१४ मध्ये जाहिरात झाली ‘न्यू जनरेशन स्कॉर्पिओ’. हा दावा खरा की खोटा? अर्धा खरा. चौकट नवी होती, समोरचा चेहरा नवा होता. दारं आणि छत जुन्याच आकाराचे. मग जून २०२२ मध्ये ‘स्कॉर्पिओ-एन’ आली, चाकणहून. सांगाडा नवा, पत्रा नवा, लांबी ४६६२ मिमी. आता जुनीचं काय करायचं? ती खपत होती. मग ऑगस्टमध्ये तिचं नाव ठेवलं ‘स्कॉर्पिओ क्लासिक’, लांबी ४४५६ मिमी. ‘क्लासिक’ हा शब्द नीट ऐका. ‘जुनी’ म्हटलं तर कोण घेईल? (हशा)

चौथी बोलेरो. २००० सालची बोलेरो अजून चालू आहे. २०२१ मध्ये ‘बोलेरो निओ’ आली. ती बोलेरोची पुढची पिढी नव्हे. ती २०१५ ची टीयूव्ही-३००, चेहरा आणि नाव बदललेली. म्हणजे इथं नाव एका अंगावरून उठून दुसऱ्या अंगावर जाऊन बसलं. याच्या उलट २०२४ मध्ये झालं. एक्सयूव्ही-३०० चा चेहरा बदलला, दारं तीच राहिली, आणि नाव मात्र नवं मिळालं: एक्सयूव्ही थ्री एक्स ओ.

कायद्याने घडवलेला आकार

कंपन्यांवरच सगळं ढकलू नका. गाडीचा आकार आणि तिची जात ठरवण्यात कराचा मोठा हात आहे.

२००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झालं. लहान म्हणजे काय? लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. लगेच २००८ मध्ये टाटाची ‘इंडिगो सीएस’ आली, डिकी आखूड करून. मारुतीची पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिमी होती. २०१२ ची पुढची पिढी ३९९५. पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून कात्री चालवली. तुम्हाला काही गाड्यांची पाठ मुरड घातल्यासारखी दिसते ना, तिथं चित्रकाराच्या आधी कर खात्याची पट्टी पोचलेली असते.

‘एसयूव्ही’ या शब्दाचं तर आणखी मजेशीर. जीएसटीत जादा उपकरासाठी व्याख्या केली, त्यात १५०० सीसीपेक्षा मोठं इंजिन, ४ मीटरपेक्षा जास्त लांबी, १७० मिमी ग्राउंड क्लिअरन्स आणि लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जाणारी गाडी, असं होतं. म्हणजे जाहिरातीतला शब्द कायद्यात जाऊन बसला. मग वाद सुरू: आमची गाडी एसयूव्ही नाही, एमपीव्ही आहे! शेवटी जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने ठरवलं की नाव काहीही असो, मापं बसली की उपकर लागणार. आणि ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला, पण लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के, अशी लांबी-इंजिनाची रेघ कायम आहे.

आता टाटा पंच घ्या. सुरुवातीला लांबी ३८२७ मिमी, अल्ट्रोझ या हॅचबॅकचाच प्लॅटफॉर्म. जाहिरातीत ती एसयूव्ही, करात ती लहान गाडी. दोन्ही एकाच वेळी. आणि तुमच्या आरसीवर? तिथं पंच असो की स्कॉर्पिओ, वाहनाचा वर्ग एकच लिहिलेला असतो: मोटर कार, एलएमव्ही.

मग आपलं काय अडलं?

कुणी म्हणेल, नावात काय ठेवलंय. पण अडतं, आणि ते दोन ठिकाणी अडतं.

पहिलं, जीव. आता आपल्या दारातून समृद्धी महामार्ग गेलाय. तिथं मोटारीला ताशी १२० किमीची परवानगी आहे. त्या वेगात वाचवतो तो सांगाडा. सीट बेल्ट आणि एअरबॅगसुद्धा सांगाडा टिकला तरच नीट काम करतात. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने स्कॉर्पिओच्या एअरबॅग नसलेल्या प्रकाराची चाचणी केली, मोठ्या माणसांच्या सुरक्षेत तिला शून्य तारे मिळाले. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. नाव दोन्हीचं स्कॉर्पिओ. ‘स्कॉर्पिओला फाइव्ह स्टार आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. तारे नावाला मिळत नाहीत, ज्या सांगाड्याची आणि ज्या प्रकाराची चाचणी झाली त्याला मिळतात.

दुसरं, पैसा. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की बरेच जण जुनी गाडी पाहायला नागपूरला जातात. तिथं नवा चेहरा जास्त किमतीला जातो. पण जुन्या गाडीला नवी ग्रिल आणि नवे दिवे लावता येतात, कारण पत्रा तोच असतो. म्हणून गाडी पाहताना समोरून सुरुवात करू नका. बाजूने पाहा. पुढच्या काचेचा आकार, पुढच्या दाराची वरची रेघ आणि छत, हे तीन पाहा. ते जुन्यासारखे असतील तर पत्रा जुन्या पिढीचा आहे, जाहिरात काहीही म्हणो. मग आरसी घ्या. तिच्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. नोंदणीची तारीख वेगळी असू शकते. व्हीलबेसही असतो, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. दोन पिढ्यांचा व्हीलबेस वेगळा असेल, तर सांगाड्याला हात लागला हे नक्की. सारखा असेल तर मात्र सांगाडा तोच, असं लगेच म्हणू नका. आणखी चौकशी करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, मग फेसलिफ्टवाली गाडी घेऊच नये का?*

असं नाही. पिढीच्या शेवटी आलेली फेसलिफ्ट ही बरेचदा जास्त पक्की असते, कारण आधीच्या बारीक तक्रारी दुरुस्त झालेल्या असतात, सुटे भाग सगळीकडे मिळतात. फक्त ती नवी पिढी समजून जास्त पैसे देऊ नका.

*प्रश्न: जुन्या मॉडेलचे पार्ट नव्याला बसतात का?*

दार, काच, छत यांचा आकार तोच असेल तर बसण्याची शक्यता मोठी. बंपर, हेडलाइट, ग्रिल यांचं तसं नाही; फेसलिफ्टमध्ये बदलतात ते हेच. आणि किरकोळ धडकेत फुटतातही हेच. म्हणून पार्ट मागवताना गाडीचं नुसतं नाव सांगू नका, चेसिस नंबर द्या. त्यावरून दुकानदाराला नेमका पार्ट काढता येतो.

*प्रश्न: भाऊ, आमच्या गावात सगळ्याच मोठ्या गाडीले लोक ‘स्कॉर्पिओ’ म्हनते. त्याचं काय?*

(हशा) तुमचं गाव बरोबरच करतंय जी! जीप आणि टेम्पोचं असंच झालं होतं. बोलताना खुशाल म्हणा स्कॉर्पिओ. गाडीवर सही करायच्या आधी मात्र विचारा: सांगाडा कोणता, पत्रा कोणत्या सालचा, आणि हे नाव आधी कुणाचं होतं?